डिजिटल केलेले कॅसेटींचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बंद पडतात? आधी बिघाड ओळखा, मग जागा ठरवा

गौरीजेवणाच्या संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वीस-पंचवीस माणसं असतात आणि त्यांतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "काकू, ती मुंजीची कॅसेट लावा ना." कॅसेट म्हणायची सवय, एवढंच. १९९१ ची ती व्हीएचएस डिजिटल करून किती वर्षं झाली! तरी दर दोन-तीन वर्षांनी टीव्हीसमोर तोच तमाशा. एकदा डीव्हीडी बाराव्या मिनिटाला अडकली. एकदा हार्ड डिस्क दिसेनाच. एकदा चित्र आलं पण आवाज नाही. मंगलाष्टकांना भटजींचे नुसते ओठ हलतायत आणि मागे बसलेली पोरं खिदळतायत.

मी सहकारी बँकेत २७ वर्षं काढली. रोजमेळ जुळल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही, ही सवय काही गेली नाही. त्यामुळे "गेलं असेल, जाऊ दे" हे मला जमत नाही. तफावत आहे म्हणजे ती कुठेतरी शिरली आहे. नातेवाइकांच्या चार घरांचे व्हिडिओ निस्तरल्यावर जे कळलं ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट. "व्हिडिओ गेला" म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांचा व्हिडिओ पुष्कळदा गेलेला नसतो. तो त्या यंत्राला वाचता येत नसतो, इतकंच. म्हणून काहीही पुसण्याआधी, फॉरमॅट करण्याआधी, दुकानात देण्याआधी ती फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तिथे चित्र-आवाज दोन्ही नीट असतील तर फाइल शाबूत आहे आणि दोष टीव्हीच्या समजुतीत आहे. टीव्हीला त्या फाइलमधल्या आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाज साठवायची पद्धत, कळत नाही, म्हणून तो मुका दाखवतो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याच फाइलची एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ प्रत काढा. ती जुन्या-नव्या बहुतेक टीव्हींवर चालते. मात्र ही झाली बघायची प्रत. मूळ फाइल पुसायची नाही. मुंजीच्या व्हिडिओच्या आवाजाचं कोडं एवढंच होतं, आणि ते सुटेपर्यंत आमच्या धाकट्या दिरांनी टीव्हीचे स्पीकर बदलायचं ठरवलं होतं.

हलत्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर तोही बिघाड नव्हे. आपल्याकडचं जुनं चित्रण पाल पद्धतीचं: सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की रेघा जातात. बघायच्या प्रतीत त्या काढून टाका, मूळ फाइलमध्ये जशा आहेत तशाच राहू द्या.

डीव्हीडी अडकते, मध्येच थांबते

आमच्या सगळ्या कॅसेटी २००७ साली एका दुकानातून डीव्हीडीवर करून घेतल्या. दुकानदार म्हणाला होता, "बेन, आ तो लाइफटाइम चालशे." त्यालाही तसंच वाटत असणार, कारण तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटे. सात वर्षांनी त्यांतल्या निम्म्या डिस्क कुरकुरायला लागल्या.

एक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. आमच्या मुंजीच्या डिस्कवर दुकानाचा छापील गोल कागद चिकटवलेला होता, वर गणपतीचं चित्र. उन्हाळ्यात तो कागद एका बाजूला आक्रसला आणि डिस्क पापडासारखी किंचित वाकली. टेबलावर ठेवली की डुगडुगायची. कडेला, जिथे रेकॉर्डिंगचा शेवट असतो तिथे, जांभळा रंग फिकट पडून डाग आले होते. आपण घरी किंवा दुकानात लिहितो त्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात जळवलेली असते. हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांच्या मधे चिकटवलेला असतो. ऊन, उष्णता, दमट हवा या तिन्हींचं त्याला वावडं, आणि बडोद्यात एप्रिल ते सप्टेंबर दुसरं असतं काय?

अशी डिस्क हाती आली तर मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग टीव्हीखालच्या प्लेअरचा नाद सोडून कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधीकधी मुकाट्यानं वाचतो; मला तिसऱ्या ड्राइव्हवर यश आलं. वाचायला लागली की आधी अख्ख्या डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढून घ्या, बघत बसू नका. व्हिडिओच्या फोल्डरमध्ये एकेक जीबीचे व्हीओबी तुकडे दिसतात, ते पाहून लोक घाबरतात. तो डीव्हीडीचा नियमच आहे: लांब चित्रण जीबी-जीबीच्या तुकड्यांत चिरलेलं असतं. शून्य क्रमांकाचा तुकडा मेन्यूचा, एकपासून पुढचे चित्रणाचे. मेकएमकेव्हीसारख्या साधनानं ते पुन्हा न दाबता (दाबणं म्हणजे चित्राचा बारकावा कमी करून फाइल लहान करणं) सलग जोडता येतात.

घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेली डिस्क फक्त त्याच रेकॉर्डरवर चालत असेल तर ती फायनलाइज, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पुरी, केलेली नाही. तो रेकॉर्डर भंगारात घालण्याआधी त्यातूनच फायनलाइज करून घ्या.

आता आणखी डीव्हीडी करायच्या का? मी तरी करणार नाही. एका डिस्कमध्ये ४.७ जीबी मावते, त्यात दोन तास बसवायचे म्हणजे चित्र दाबावंच लागतं. शिवाय नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. सेंद्रिय थर नसलेल्या एम-डिस्क मिळतात आणि त्या बऱ्या असतात, पण त्या वाचायलाही ड्राइव्ह लागतोच.

"जागा आहे तरी कॉपी होत नाही"

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता फोन उचलल्यावर समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते. डिस्कवर ९०० जीबी मोकळी आहे, फाइल १३ जीबीची आहे, तरी संगणक म्हणतो फाइल फार मोठी आहे. डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोन्ही तिच्यावर लिहू शकतात. पण फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. आधीचं सगळं दुसरीकडे हलवल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही.

(आणि १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. मी भांडून आले आहे.)

हार्ड डिस्क दिसत नाही

आधी केबल बदला. खरंच, आधी केबल. मग हब-बिब काढून थेट लॅपटॉपला लावा, मग दुसऱ्या लॅपटॉपला. "वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा" असा संदेश आला तर हो म्हणायचं नाही. माहिती बहुतेक वेळा आत असते, फक्त तिची अनुक्रमणिका बिघडलेली असते. आतून टक्, टक्, टक् असा एका तालात आवाज येत असेल तर मात्र तत्क्षणी काढून ठेवा. आतला हेड जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीये. पुन्हा पुन्हा लावून बघाल तितकी चकती आणखी ओरखडेल. २०१९ च्या जूनमध्ये आमच्या डिस्कचं असंच झालं आणि मी, शहाणी, तिला अकरा वेळा लावून पाहिलं. डेटा काढून देणाऱ्यांनी पुढे हात टेकले. त्या डिस्कवर सगळं होतं. दुसरी प्रत नव्हती. डीव्हीडी नव्या डिस्कवर उतरवल्या म्हणून जुन्या डीव्हीडीही देऊन टाकल्या होत्या.

कॅसेटी टाकल्या नव्हत्या, म्हणून आज हे लिहिते आहे. सासऱ्यांनी त्या माळ्यावर न ठेवता कपाटाच्या वरच्या कप्प्यात पुस्तकांसारख्या उभ्या लावून ठेवल्या होत्या, प्रत्येक टेप एका टोकापर्यंत गुंडाळलेली. टाळेबंदीत भाच्याकडून जुना डिजिटल-८ कॅमेरा आणला. तो आमच्या हाय-८ च्या (जुन्या कॅमेऱ्यातल्या छोट्या) टेपा वाजवतो आणि व्हीसीआर त्याला जोडला तर व्हीएचएसचंही डीव्ही या डिजिटल रूपात रूपांतर करून फायरवायर नावाच्या जुन्या प्रकारच्या केबलनं कॉम्प्युटरला देतो. नव्या लॅपटॉपला ती खाच नसते; माळ्यावरचा जुना डेस्कटॉप झाडून पुसून सुरू केला. २२ कॅसेटी, मिळून ३१ तास. टेप चालते त्याच वेगानं काम होतं, घाई करता येत नाही. मिनी-डीव्हीच्या तीन टेपा मात्र मुळातच डिजिटल, त्या फायरवायरनं जशाच्या तशा उतरतात.

म्हणून कुणी विचारलं की डिजिटल झालंय, आता कॅसेटी टाकू का, तर माझं उत्तर नाही असंच असतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे पुढे वाजवायचं कशावर हा प्रश्न आहेच. तरी जोवर कुठेतरी चालता व्हीसीआर सापडतो तोवर कॅसेट हीच मूळ पावती. तिच्या पाठीच्या कडेची प्लास्टिकची छोटी जीभ मोडून टाका, म्हणजे वर चुकून मालिका रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते.

मग ठेवायचं कशात?

आमच्याकडे आता दोन रूपं आहेत. मूळ फाइल डीव्हीची, तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे ३१ तासांची ४०० जीबी. ती कुणी बघत नाही, ती मुदत ठेव. बघायला, पाठवायला एमपी४, तासाला अडीच-तीन जीबी, सगळं मिळून ८५ च्या आसपास. कॅप्चर कार्डानं, म्हणजे व्हीसीआरचं चित्र थेट कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणानं, करणाऱ्यांना एफएफव्ही१ या कोडेकमध्ये ठेवता येतं. त्यात चित्राचा कणही गळत नाही, पण तासाला ३० ते ४० जीबी लागते. लग्नाच्या सहा कॅसेटी असतील तर करा. कुणी नुसती एमपी४ करून मूळ कॅसेट टाकायला निघालं तर त्याला थांबवा: एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की आणखी खराब होतं, आणि पुढच्या टीव्हीसाठी ते पुन्हा दाबावं लागणारच आहे.

मूळ फाइलसाठी साधी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. एसएसडी वेगवान, पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात पडली तर तो भार झिरपू शकतो. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड हे टपालाचे लिफाफे. लिफाफ्यात कुणी दागिने ठेवत नाही.

आता महत्त्वाचं, आणि यातच माझी तीन वर्षं फुकट गेली. मी चांगली डिस्क कोणती हे विचारत बसले होते. बँकेत कुणी विचारत नाही की नोट कुठल्या कागदाची. विचारतात नोंद किती ठिकाणी आहे आणि ताळा कुणी घेतला. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला तीन-दोन-एकचा हिशेब हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारांवर, एक वेगळ्या ठिकाणी.

वेगळं ठिकाण म्हणजे दुसरी खोली नव्हे. वेगळा मोहल्लासुद्धा पुरत नाही, हे बडोदेकरांना समजावून सांगायला नको. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला तेव्हा आम्ही सुटलो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी सोडून ३५ च्या वर गेली, गणपतीला दहा-अकरा दिवस उरले होते. वन्सं कारेलीबागेत तळमजल्यावर राहतात. दुसरी प्रत त्यांच्याकडेच होती, गोदरेजच्या कपाटात, खालच्या खणात, साड्यांच्या खाली, "सुरक्षित". पाणी ओसरल्यावर खण उघडला तर डिस्कच्या खाचेतून गाळ निघाला. वन्सं ती हेअर ड्रायरनं वाळवून लावून बघायच्या बेतात होत्या. मी फोनवर अक्षरशः ओरडले. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही, उघडायची नाही. भिजलेली कॅसेटही व्हीसीआरमध्ये घालायची नाही, उष्णता द्यायची नाही. चिखल स्वच्छ थंड पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायची आणि जाणकाराकडे द्यायची. डीव्हीडी मात्र धुऊन वाळवली की बहुधा चालते. पुराच्या बाबतीत ती बिचारी उजवी ठरली.

तेव्हापासून दुसरी प्रत इंदूरला, धाकट्या जावेकडे. तिसऱ्या मजल्यावर.

ऑनलाइन जागेबद्दल थोडं, कारण हल्लीची मुलं "क्लाउडवर टाका, झालं" म्हणतात. टाकाच, पण कशात पाय ठेवताय ते बघून. गूगलवर फुकट मिळतात १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून. फोटो-व्हिडिओ अमर्याद फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा वाचवणारा पर्याय निवडला तर व्हिडिओ दाबला जातो. दोन वर्षं कुणी न उघडलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं; म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावानं खातं काढलं असेल तर त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरीचा फोन नंबर आणखी एकाकडे हवाच. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: फोनमधून पुसलं की वरूनही पुसलं जातं. आम्ही फक्त ८५ जीबीची एमपी४ प्रत पैसे भरून वर ठेवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. "आमच्याकडे आहे की, ग्रुपवर आला होता" असं सांगणाऱ्यांकडे जे असतं त्यात आजीचा चेहरा ओळखू येत नाही.

नावांचा घोळ मी दोन ओळींत उरकते. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा नावाच्या तीन फाइली असतील तर कोणतीच खरी नाही असं समजा. साल आधी, मग महिना, मग प्रसंग, मग कॅसेटचा नंबर. फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कितव्या मिनिटाला कोण. ती यादी करायला वन्संना आणि मोठ्या जाऊबाईंना बसवलं तेव्हा ३७ व्या मिनिटाला पापड लाटणाऱ्या बाईंचं नाव फक्त वन्संना आठवलं. आणखी पाच वर्षांनी कुणालाच आठवलं नसतं.

ताळा

कॉपी पूर्ण झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. प्रत्येक फाइलची एक बेरीज निघते, तिला हॅश म्हणतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही बेरीज पार वेगळी येते. विंडोजवर ७-झिप टाकलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ काढता येतो. टेराकॉपीनं कॉपी केली तर ती प्रत मुळाशी पडताळून घेता येते. २२ बेरजा मी मजकुराच्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत आणि, हसू नका, वहीतही प्रत्येकीची पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं लिहिली आहेत.

दिवस ठरलेला नसेल तर तपासणी होत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर कात्री, शिवणयंत्राचा पाय, मुलाचं स्टेथोस्कोप आणि लॅपटॉप मांडतात. तिथेच ती हार्ड डिस्कही. हळद-कुंकू डबीवर, खाचेत नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं वाटून झालं की ती लावायची आणि बेरजा पुन्हा काढायच्या. दुपारभर चालतं. इंदूरची डिस्क जाऊ तिथे त्याच दिवशी लावते. पाच-सहा वर्षं झाली की डिस्क चालत असली तरी नवी घेऊन त्यावर उतरवायचं, हे आता घरखर्चात धरलेलं आहे.

२०२५ च्या दसऱ्याला २१ जुळल्या, एक नाही. १९९४ च्या उत्तरायणाची, १४ जीबीची. फाइल उघडत होती, चालत होती; नुसती लावून बघितली असती तर कळलंही नसतं. २३ व्या मिनिटाला, गच्चीवर सासरे फिरकी धरून उभे आहेत तिथे, अर्धा सेकंद हिरवे चौकोन येऊन गेले. जावेला फोन केला. तिच्याकडची बेरीज वहीतल्या आकड्याशी जुळत होती. पुतण्यानं रात्रभर लावून फाइल वर चढवली, दुसऱ्या रात्री मी उतरवून घेतली, हॅश काढला आणि वहीतल्या लाल गोलाशेजारी हिरव्या शाईची टिक केली.